गरीब

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या की ती बातमी गल्लीत आमच्याआधी पोहोचते. गेल्या महिन्यातही तसंच झालं. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी अजून लावायची होती, आणि दोन तरुण दारात हजर. पाठीवर सॅक, हातात मोबाइल, मोबाइलवर भाषांतराचं ॲप उघडलेलं. सलाम झाला. पुढे काय बोलावं ते त्यांनाही कळेना आणि आम्हालाही. अम्मींनी आतून, पडद्याआडूनच सांगितलं, "यमन के दिखरे. बिठाव अंदर."

अम्मींचा अंदाज चुकला नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये याच दारात असाच एक जण उभा होता, आणि त्याने आमच्या घरात पाच वर्षं काढली. त्या पाच वर्षांबद्दल या सदरात लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लिहिलं नाही, कारण त्यात आमचीच एक गोष्ट सांगावी लागते आणि ती फारशी सांगण्यासारखी नाही. आज सांगून टाकतो.

बाहेरच्या माणसांची नांदेडला नवलाई नाही. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबपासून कॅनडापर्यंतची माणसं येतात. स्टेशनच्या बाहेर कुठल्याही वेळी पंजाबी कानावर पडते. पण ते यात्रेकरू. दोन-चार दिवस राहून, लंगर जेवून, परत जातात. भाजीवाल्याशी घासाघीस करणारा, गॅसच्या टाकीसाठी नंबर लावणारा, मुलीला ताप आला म्हणून रात्री रिक्षा शोधणारा परदेशी माणूस वेगळा. असे परदेशी नांदेडला आणले ते विष्णुपुरीच्या विद्यापीठाने. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. पुढे तिथे अरब देशांतली मुलं येऊ लागली, आणि त्यांत यमनची बरीच. फी परवडते, संशोधन इंग्रजीत करता येतं, आणि गावात मशीद, हलाल मटण, अजान सगळं आहे. यांतले पुष्कळ जण तिकडे विद्यापीठात शिकवणारे असतात. पीएचडी करून या, तोवर पगार चालू राहील, असा तिथला रिवाज. आमचा भाडेकरूही तसाच होता. तैझ नावाच्या शहरातल्या विद्यापीठात संगणक शिकवायचा.

त्याला आमच्या आधी किती घरांनी नाही म्हटलं, ते त्याने कधी सांगितलं नाही. दलालाने सांगितलं, अकरा. आणि ही सगळी घरं आपल्याच लोकांची. अरब म्हटल्यावर आपल्या मनात दोन चित्रं एकदमच उभी राहतात. एक, पाक जमिनीवरून आलेला, कुरआनची जबान बोलणारा. दुसरं, हैदराबादला येऊन गरिबाच्या पोरीशी निकाह लावून महिन्याभरात निघून जाणारा शेख. १९९१ साली विमानातल्या एका कर्मचारी बाईमुळे एक दहा वर्षांची मुलगी अशा निकाहातून सुटली होती. ते प्रकरण आमच्या वयाचं कोणी विसरलेलं नाही. तेव्हा घरात वाढत्या मुली असलेला माणूस एकट्या अरबाला खोली द्यायला कचरतो, यात आम्हाला नवल वाटत नाही. आम्हीही कचरलो होतो. तो म्हणाला, बायको आणि मुलगी जानेवारीत येणार आहेत. लग्नाचा कागद दाखवला, पासपोर्ट दाखवला. मग आम्ही हो म्हटलं.

आणि भाडं सांगितलं पाच हजार. त्या वेळी आमच्या गल्लीत अशा दोन खोल्यांना अडीच हजार मिळायचे. तो लगेच हो म्हणाला. आम्हाला वाटलं, अरबच आहे, त्याला काय. तेल फक्त काही देशांच्या नशिबी आलं आहे आणि यमन हा त्या भागातला सर्वांत गरीब देशांपैकी आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. ते सोयीने आठवलं नाही.

मोहल्ल्याचंही तसंच. पहिल्या आठवड्यात लोक त्याच्याकडून दुआ करून घेत होते, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेत होते. दुसऱ्या आठवड्यात एक जण आपल्या भाच्याचा पासपोर्ट घेऊन आला, "सौदी में कुछ काम रहा तो देखो." बिचाऱ्याने समजावून सांगितलं की तो सौदीचा नाही, त्याच्याच देशातले लाखो लोक मजुरीसाठी सौदीला जातात. त्यानंतर दुआ मागणारे कमी झाले. रिक्षावाले मात्र शेवटपर्यंत त्याच्याकडून दुप्पटच घेत राहिले.

कागदपत्रांचा तर आम्हाला गंधच नव्हता. परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाने चोवीस तासांच्या आत सी फॉर्म भरायचा असतो, ही गोष्ट आम्हाला आठव्या दिवशी कळली. त्याने स्वतः पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात नोंदणी करायची. घर बदललं की पुन्हा कळवायचं, व्हिसाची मुदत संपत आली की विद्यापीठाचं पत्र, भाडेकरार, आमचं लाइट बिल. विद्यार्थी व्हिसावर एक रुपयाचंही काम करायला मनाई. त्याच्याकडे एक निळी फाइल होती, ती तो बाजारात जातानाही बरोबर न्यायचा. आमचा धाकटा भाऊ तेव्हा सौदीत बुरैदाला होता. फोनवर त्याला हे सांगितलं तर तो हसला. "माझा इकामा मी झोपतानाही उशीखाली ठेवतो," म्हणाला. आपल्यापैकी किती घरांत ‘इकामा’ हा शब्द मीठ-मिरचीसारखा रोजचा आहे! तरी तोच कागद दुसऱ्याच्या हातात दिसला की आपण तो ओळखत नाही.

त्याच्या येण्याने सगळ्यांत जास्त खुलले ते आमच्या शेजारचे चाऊस चाचा. वाचकांपैकी मराठवाड्यातल्यांना चाऊस कोण ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. निजामाच्या फौजेत यमनच्या हद्रमौत भागातून आलेले अरब शिपाई होते, त्यांचे हे वंशज. हैदराबादचं बारकस त्यांचंच, आणि नांदेड, परभणी, औरंगाबाद भागातही त्यांची घरं आहेत. काही जण इथे एवढे मोठे झाले की त्यांनी परत जाऊन राज्यं उभारली. मुकल्लाच्या अल-कुऐती सुलतानांचा मूळ पुरुष हैदराबादेत निजामाचा जमादार होता, आणि ते घराणं १९६७ पर्यंत तिथे राज्य करत होतं. उलटंही घडलं. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर अरब म्हणून अनेकांना छावण्यांत ठेवलं, काहींना जहाजात बसवून परत पाठवलं. चाचांचे आजोबा राहिले, कारण बायको इथली होती आणि शेत तिच्या नावावर होतं. त्यांच्या बरोबरीचे दोघे गेले. त्यांचं पुढे काय झालं ते या घराला कधी कळलं नाही.

चाचांना अरबी येत नाही. ते दक्खनी आणि झकास मराठी बोलतात. पण त्यांनी नवी लुंगी नेसली, अत्तर लावलं आणि वर जाऊन आपल्या खानदानाचं नाव सांगितलं. ‘बा’ने सुरू होणारं. तो उठून उभा राहिला. हे नाव कुठल्या भागातलं ते त्याला ऐकताक्षणीच कळलं. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, तुझ्या गावापासून आमचं गाव किती दूर? तो म्हणाला, नांदेडपासून मुंबई असेल, त्याहून जरा जास्तच. चाचांचा थोडा हिरमोड झाला. त्यांना वाटत होतं, शेजारचंच असेल. पण तोही घरात लुंगीच नेसायचा, हे पाहून त्यांचं समाधान झालं.

जानेवारी २०१५ मध्ये त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी आली, आणि घराची खरी ओळख तेव्हापासून झाली. ती अम्मींना पहिल्याच दिवशी ‘खाला’ म्हणाली. हा शब्द त्यांचाही आणि आमचाही. पण सगळेच शब्द असे सरळ नव्हते. आम्ही ‘जुलूस’ म्हणालो की त्यांना वाटायचं, बसायला सांगताहेत. एकदा गल्लीतल्या बायका नवऱ्याला ‘खसम’ म्हणताना तिने ऐकलं आणि घाबरून वर निघून गेली. अरबीत ‘खस्म’ म्हणजे दावा लावणारा, वैरी. अम्मींना हे समजलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फिर तो बराबरच है."

स्वयंपाकघरात भाषेची गरज पडली नाही. यमनमध्ये ज्वारी पिकते आणि गरिबाचं पोट तिच्यावरच चालतं, हे आम्हाला तिच्याकडून कळलं. ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवून, मधे खळगा करून त्यात मटणाचा रस्सा ओतायचा, त्याला त्या ‘असीद’ म्हणतात. ज्वारीची जाळीदार आंबोळीसारखी ‘लहूह’ ती आमच्याच तव्यावर करायची. मेथीचं पीठ भिजवून, फेस येईपर्यंत घोटून कालवणावर घालायची. टोमॅटो आणि हिरवी मिरची दगडावर वाटून ‘सहावक’ करायची. आमच्या ठेच्याचा हा चुलतभाऊ. भाकरी मात्र तिला कधी जमली नाही. थापताना तुटायची. ती तुटलेले तुकडे रश्शात टाकून म्हणायची, आमच्याकडे असंच खातात. खरं की खोटं, अल्लाह जाणे.

तो शाफई. आमच्या मशिदीत हनफी पद्धत. अस्रची नमाज त्याच्या हिशेबाने तासभर आधी सुरू व्हायची. पहिले काही दिवस लोक त्याच्या रुकूआधी हात उचलण्याकडे बघायचे. एका बुजुर्गांनी त्याला बाजूला घेऊन दुरुस्त करायलाही सुरुवात केली होती. इमामसाहेबांनी आठवण दिली की आपल्याच राज्यात कोकणातले मुसलमान शाफई आहेत, चिपळूणला जाऊन त्यांनाही दुरुस्त करून या. विषय संपला.

मार्चच्या शेवटी तिकडे लढाई पेटली. २६ मार्च २०१५ च्या पहाटेपासून त्याचा फोन खाली ठेवलेला आम्ही पाहिला नाही. टीव्हीवर बातम्या होत्या. भारताने एडनच्या बंदरात आयएनएस सुमित्रा पाठवली होती, आपले लोक जिबूतीमार्गे परत आणले जात होते. चार हजार सहाशेहून अधिक भारतीय आले, आणि दुसऱ्या एक्केचाळीस देशांची माणसंही आपल्या जहाजांनी, विमानांनी बाहेर काढली. आम्ही टीव्हीसमोर बसून प्रत्येक जहाजाला माशाअल्लाह म्हणत होतो. तोही आमच्याबरोबर बसला होता. जहाजात चढणाऱ्या माणसांच्या मागे जे बंदर दिसत होतं, तिथलीच माणसं त्याची. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मुबारक," आणि वर गेला. आम्ही आवाज कमी केला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

तैझ शहराला त्याच वर्षी वेढा पडला. आई-वडील शहराच्या एका टोकाला, बहीण दुसऱ्या टोकाला. पूर्वी पंधरा मिनिटांचा रस्ता, तो बंद. डोंगरांवरून वळसा घालून जायला पाच-सहा तास.

२०१६ च्या मे महिन्यात लातूरला आमच्या माहेरच्या घरी लग्न होतं. त्या वर्षीचं लातूर वाचकांना आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली होती. निकाहाच्या खर्चात मंडपापेक्षा टँकरचा आकडा मोठा. पत्रिका देतानाच आम्ही लोकांना सांगत होतो, दावतीला या, अंघोळ घरून करून या. त्या कुटुंबाला नेऊ की नको, असा विचार होता. पाहुण्यांची अडचण नको. पण मुलगी ऐकेना, म्हणून नेलं.

लातूरच्या गल्लीत शिरताच त्याने रिक्षा थांबवली. दुतर्फा रांगेत निळे ड्रम, पिवळ्या कॅन, कॅनला बांधलेल्या दोऱ्या, कडेला सावलीत बसलेल्या बायका. तो उतरून उभा राहिला आणि हसायला लागला. आम्हाला राग आला होता, खरं सांगतो. मग तो म्हणाला, "ये तैझ है. मैं घर आया." तैझला लढाईच्या कितीतरी आधीपासून नळाला महिना-महिना पाणी येत नाही. पिवळ्या कॅनला तिकडे ‘दब्बा’ म्हणतात, आणि पोरं शाळेच्या आधी दब्बे घेऊन रांगेत उभी राहतात. त्या चार दिवसांत टँकरवर चढून पाइप धरण्यात आमच्या सगळ्या पाहुण्यांमध्ये तो पहिला. लग्नघरातल्या लोकांनी त्याचं नाव कधी विचारलं नाही. ‘पाइपवाले मामू’ म्हणूनच तो आजही तिथे ओळखला जातो.

आता ती गोष्ट.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये यमनची मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली गेली. दोन सरकारं, दोन बँका, आणि सरकारी नोकरांचे पगार मधल्या मधे थांबले. त्याचाही थांबला. ऑक्टोबरचं भाडं आलं नाही. नोव्हेंबरचं नाही. आम्ही काही बोललो नाही. आणि न बोलण्यात आपलं मोठेपण आहे, असं मनातल्या मनात मोजतही होतो. आमची मुलगी त्या वर्षी अकरावीला लातूरला होती, नानीकडे राहून. लातूर पॅटर्नचं तुम्हाला माहीतच आहे. कॉलेजची फी एक आणि क्लासची फी दुसरी. जानेवारीत क्लासचा दुसरा हप्ता भरायचा होता आणि वरच्या खोल्यांचे चार महिन्यांचे वीस हजार अडकले होते.

एका संध्याकाळी आम्ही दोघं वर गेलो. खोल्या सोडा, असं थेट म्हणालो नाही. "दुसरीकडे स्वस्तात बघता का," एवढंच म्हणालो. तिला पाचवा महिना चालू होता. चहा ठेवला होता, तो तिने गॅसवरून उतरवला नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग नेहमीच्या तोडक्यामोडक्या हिंदीतून अरबीवर गेला. म्हणाला, "अना हिना गरीब."

आम्ही म्हणालो, "हमे भी गरीबच हैं भाई. बच्ची की फीस भरनी है."

तो आमच्याकडे असं पाहत राहिला, जणू आम्ही काय बोललो ते त्याला समजलंच नाही. आम्ही खाली आलो.

चौथ्या दिवशी त्याने वीस हजार रुपये आणून दिले, एकरकमी. कुठून आणले, ते आम्ही विचारलं नाही. फी भरली.

महिना गेला. शुक्रवारी जुम्यानंतर इमामसाहेबांशी बोलताना हे सगळं निघालं. आम्हाला वाटत होतं, आम्ही बऱ्यापैकी वागलो, म्हणूनच बोलता बोलता सांगत होतो. ‘अना हिना गरीब’ हे शब्द ऐकून इमामसाहेब थांबले. म्हणाले, अरबीत पैसे नसलेल्याला फकीर म्हणतात. गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर असलेला. आपल्याकडे येता येता त्या शब्दाचा अर्थ बदलला. "उसने ये बोला कि मैं यहाँ परदेसी हूँ. और तुम क्या बोले?"

आम्ही काय बोललो होतो ते आम्ही त्यांना सांगितलं.

भाडं त्या महिन्यापासून अडीच हजार केलं. त्याने कारण विचारलं. आम्ही म्हणालो, गल्लीत हाच भाव आहे. तेव्हापासून नव्हे, आधीपासूनच होता, हे सांगायला जीभ रेटली नाही. ते वीस हजार कुठून आले तेही पुढे कळलं. इतवाऱ्यातल्या ज्या सराफाकडे आमचं पिढीजात येणं-जाणं आहे, त्याच्याकडे अम्मी ईदच्या आधी गेल्या होत्या. त्याने सहज विचारलं, तुमच्याकडच्या अरब बाईंनी बांगडी दिली होती, त्यांना आणखी काही मोडायचं आहे का. अम्मी घरी येऊन दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

त्याआधी, फेब्रुवारीत, त्याचे वडील गेले. लढाईने नाही, साखरेच्या आजाराने. औषध शहराच्या दुसऱ्या बाजूला मिळत होतं. फोन रात्री आला, तोवर दफनही झालं होतं. सकाळी तो अब्बांकडे आला आणि गच्ची वापरू का, म्हणून विचारू लागला. शाफई मसलकात मय्यत समोर नसतानाही तिची नमाज पढता येते. हनफींमध्ये येत नाही, म्हणून तो मशिदीत बोलला नव्हता. विद्यापीठातले पाच-सहा यमनी आले, चाऊस चाचा आले. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आम्ही गोळा केल्या, चादरी अंथरल्या. सफ बांधली गेली. अब्बा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. मग त्यांनी चप्पल काढली आणि जाऊन सफेच्या टोकाला उभे राहिले.

नंतर त्यांनी इमामसाहेबांना विचारलं, मी चुकलो का? इमामसाहेब म्हणाले, मसला तुम्हाला माहीत होता? अब्बा म्हणाले, हो. इमामसाहेबांनी पुढे काय सांगितलं ते अब्बांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि या बाबतीत वाचकांनी आम्हालाही पत्रं पाठवू नयेत.

मे महिन्यात मुलगा झाला, नांदेडमध्येच. आजोबांचं नाव ठेवलं. चाळीस दिवस आमच्यातही आणि त्यांच्यातही बाळंतिणीचेच. फक्त तिकडे रोज दुपारी बायका भेटायला येतात आणि बाळंतीण नटून उंच बसते. इथे कोण येणार, म्हणून ती उदास होती. अम्मींनी गल्लीत सांगितलं. पहिल्या दिवशी चौघी आल्या, आठवड्याने जिन्यावर चपला मावेनात. कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी आळीव. मेथी दोन्हीकडचीच. चाऊस चाची तर हक्काने माहेरच्या झाल्या. बाळाच्या कागदांचं मात्र वर्षभर चाललं. इथे जन्मला तरी तो इथला नव्हता. दिल्लीच्या वकिलातीतून पासपोर्ट, मग त्याचा व्हिसा, मग त्याच्या नावाचा फॉर्म. आठ महिन्यांच्या त्या पोराची वेगळी निळी फाइल झाली.

२०१९ मध्ये पीएचडी पुरी झाली आणि ते परत गेले. लढाई चालू होती. राहता येईल का, असं त्याने कुठेकुठे विचारून पाहिलं होतं. विद्यार्थी व्हिसा शिक्षणाबरोबर संपतो. सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमानाने एडन, आणि पुढे डोंगरातून. स्टेशनवर अम्मींनी मुलीच्या फ्रॉकच्या खिशात एक पुडी घातली आणि वरून पिन लावली. त्यात काय होतं आणि किती वजनाचं, ते अम्मी आजही सांगत नाहीत. बांगडीपेक्षा कमीच असणार.

त्यानंतर मधूनमधून आवाजातले निरोप यायचे. जून २०२४ मध्ये एक व्हिडिओ आला. तैझचा तो बंद रस्ता नऊ वर्षांनी उघडला होता. माणसं चालत निघाली होती, सामान डोक्यावर, काही जण रडत होते. तो चालता चालता बोलत होता, म्हणाला बहिणीकडे निघालोय, घड्याळ लावलंय. नांदेडला जन्मलेला पोरगा पुढे पळत होता. आईने हात धरायला पाहिला तर ओरडला, "नक्को!" हा शब्द तो कुठून शिकला, दोन वर्षांचा तर होता जाताना. त्याची मोठी बहीण घरात बोलत असेल. आम्ही तो व्हिडिओ चाऊस चाचांना दाखवला. त्यांनी तीनदा पाहिला आणि विचारलं, "हद्रमौत का रस्ता भी खुला क्या?"

तर, गेल्या महिन्यातले ते दोन तरुण. एक इब्ब शहराचा, एक सनाचा. दोघंही अजून लग्नाचे. त्यांनाही आधी काही घरांनी परत पाठवलं होतं, ते त्यांच्या बुटांवरच्या धुळीवरून दिसत होतं. आम्ही भाडं सांगितलं चार हजार. समोरच्या घरात उदगीरची मुलं राहतात, ती तेवढंच देतात. हवं तर विचारून या, असंही सांगितलं. ते जाऊन विचारून आले. बरं केलं. फॉर्म त्याच संध्याकाळी भरला.

अम्मींचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. जिना चढवत नाही. खालूनच त्यांनी हाक मारली आणि विचारलं, "बाबा, ज्वार खाते क्या?" मुलांनी मोबाइल पुढे केला. अम्मींनी तो बाजूला सारला आणि पिठाचा डबा उघडून दाखवला.